संशोधनाधारित वाचनशिक्षण

मुलांना वाचायला कसे शिकवावे याचे उत्तर परंपरेवर किंवा शिक्षकाच्या कलावर न सोपवता प्रयोग, दीर्घकालीन निरीक्षणे आणि मोजमाप यांच्या आधारे शोधणाऱ्या पद्धतींना संशोधनाधारित वाचनशिक्षण म्हणतात. मानसशास्त्र, भाषाविज्ञान, मेंदूविज्ञान आणि शिक्षणशास्त्र या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. ‘सायन्स ऑफ रीडिंग’ असे लेबल लावून आज कितीतरी पुस्तकमाला, तक्ते आणि अ‍ॅप विकली जातात. त्या प्रत्येकामागे संशोधन असतेच असे नाही.

या क्षेत्राचे मुख्य म्हणणे असे, की अक्षरांवरून शब्द उलगडण्याचे कौशल्य मुद्दाम, क्रमवार आणि लवकर शिकवावे लागते. पण ते येऊनही भाषा आणि जगाची माहिती तोकडी असेल, तर मूल वाचक होत नाही. एवढ्यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. वाद उरतो तो प्रमाणाचा, क्रमाचा आणि लिपीचा.

बोलणे आणि वाचणे

मूल बोलायला शिकते ते माणसांत वावरून. वाचायला मात्र बहुतेक मुलांना कुणीतरी शिकवावे लागते. लेखनाचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षे झाली आहेत, त्यामुळे मेंदूत वाचनासाठी आयती जागा असण्याचा प्रश्नच येत नाही. स्तानिस्लास देहान या फ्रेंच मेंदूवैज्ञानिकाच्या मांडणीनुसार, चेहरे व वस्तू ओळखण्याच्या यंत्रणेतलाच डाव्या गोलार्धातला एक भाग वाचायला शिकताना अक्षरांकडे वळवला जातो. वस्तू डावीकडून पाहिली काय नि उजवीकडून पाहिली काय, मेंदू ती एकच मानतो. अक्षराच्या बाबतीत ही सवय मोडावी लागते. सुरुवातीला मुले अक्षरे आरशातल्यासारखी उलटी काढतात, त्याचे एक कारण हे. केवळ तेवढ्यावरून मुलाला वाचनदोष आहे असा शिक्का मारणे चूक ठरते.

जुना वाद

जेम्स मॅकीन कॅटेल यांनी १८८६ च्या सुमारास प्रयोगाने दाखवले, की सराईत वाचक सुटे अक्षर जितक्या झटकन ओळखतो, तितक्याच झटकन छोटा शब्दही ओळखतो. निष्कर्ष बरोबर होता; त्यावरून जे अनुमान पुढे काढले गेले ते नव्हते. सराईत माणूस शब्द अखंड ओळखतो, म्हणून नवशिक्यालाही अखंड शब्द दाखवून शिकवावे, असे मानून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ‘पाहा आणि म्हणा’ छापाची पाठ्यपुस्तके बोकाळली. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९५५ मध्ये त्यांच्यावर तिखट हल्ला चढवला. जीन चॉल यांनी १९६७ मध्ये उपलब्ध पुरावा शांतपणे तपासून अक्षर-ध्वनी संबंध आधी शिकवणाऱ्या पद्धतींच्या बाजूने कौल दिला.

त्याच वर्षी केनेथ गुडमन यांनी नेमकी उलट दिशा दाखवली. त्यांच्या मते वाचन हा अंदाजाचा खेळ आहे: वाचक संदर्भ, वाक्यरचना आणि थोडीशी अक्षरे यांवरून पुढच्या शब्दाचा कयास बांधतो. यातून ‘समग्र भाषा’ पद्धती उभी राहिली. शब्द अडला तर चित्र बघ, अर्थ लागतो का बघ, पहिले अक्षर बघ, असा सल्ला देण्याची रीत त्याच काळात वर्गावर्गांत पसरली आणि अजूनही टिकून आहे. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. चित्रात घोड्याचे पिल्लू आहे, खाली ‘शिंगरू’ छापले आहे आणि मूल आत्मविश्वासाने ‘घोडा’ म्हणते. अर्थ जवळचा म्हणून शिक्षक शाबासकी देतात. मुलाने शब्दाकडे पाहिलेलेच नसते.

हा सिद्धांत दोन बाजूंनी ढासळला. डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या उपकरणांनी, विशेषतः किथ रेनर यांच्या संशोधनाने, सिद्ध केले की कुशल वाचकाची नजर मजकुरावरून नुसती घसरत जात नाही. अर्थवाहक शब्दांपैकी बहुतेकांवर ती सुमारे पाव सेकंद थांबते आणि अक्षरे पुरेपूर टिपते. दुसरीकडे रिचर्ड वेस्ट आणि किथ स्टॅनोविच यांच्या १९७८ च्या प्रयोगात शब्द ओळखताना संदर्भाचा आधार प्रौढांपेक्षा मुलांनाच जास्त लागलेला आढळला. अंदाज ही कच्च्या वाचकाची कुबडी होती. ‘समग्र भाषा’वाल्यांनी तिलाच पक्क्या वाचकाचे लक्षण मानले.

गुणाकाराचे सूत्र

फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये मांडलेला ‘वाचनाचा साधा दृष्टिकोन’ आजही या क्षेत्राचा कणा आहे. वाचून समजणे म्हणजे लिपीची उकल गुणिले भाषेचे आकलन. यातले गुणाकाराचे चिन्ह महत्त्वाचे, कारण दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरे कितीही भक्कम असून उत्तर शून्यच. मराठी वाचकाने नेपाळी वृत्तपत्र हाती घेतले तर तो ते बरेचसे खडाखडा वाचील, पण पदरी तुटकतुटक अर्थ पडेल. गोष्टींत रमणाऱ्या, भरपूर बोलणाऱ्या, पण अक्षरओळख नसलेल्या पाच वर्षांच्या मुलाची स्थिती याच्या अगदी उलट असते. दोघांनाही ‘वाचता येत नाही’, पण दोघांवरचा उपाय वेगळा. सूत्राचा व्यावहारिक फायदा हाच, की अडचण कुठे आहे हे आधी शोधावे लागते. सूत्र फार ढोबळ आहे अशी टीका होते आणि ती रास्त आहे. वाचनातली गोडी, लक्ष, स्मरण हे काहीच त्यात दिसत नाही.

ध्वनींची जाण

बोललेला शब्द सुट्या ध्वनींचा बनलेला असतो हे कानाला आपसूक कळत नाही. इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये लहान मुलांना शब्दातल्या तुकड्यांइतक्या टिचक्या मारायला सांगितले. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना शब्दावयव, म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे तुकडे, मोजता आले. सुटे ध्वनी एकालाही नाहीत. पहिलीच्या अखेरीस सुटे ध्वनी मोजणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. हे वाढत्या वयामुळे झाले की वाचनामुळे? जोझे मोराइस आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांची चाचणी घेतली तेव्हा शब्दातून एखादा ध्वनी वगळणे किंवा त्याला जोडणे त्यांना फारसे जमले नाही, तर प्रौढपणी साक्षर झालेल्यांना जमले. म्हणजे ही जाण वाचनाला मदत करते, तशी वाचनामुळे घडतेही.

मराठीत हा फरक सहज दाखवता येतो. ‘कमळ’मधून पहिले अक्षर काढ म्हटले तर मूल ‘मळ’ म्हणेल. पहिला ध्वनी काढ म्हटले तर उत्तर ‘अमळ’ येते, आणि इथे मोठी माणसेही क्षणभर अडतात.

अमेरिकी काँग्रेसच्या सूचनेवरून १९९७ मध्ये नेमलेल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली आपला अहवाल दिला. त्यात ध्वनिजाणीव, फोनिक्स (अक्षर-ध्वनी संबंधांचे शिक्षण), ओघवते वाचन, शब्दसंग्रह आणि आकलन हे वाचनशिक्षणाचे पाच घटक ठरवले गेले. ध्वनींचे खेळ अक्षरांची जोड देऊन घेतल्यास अधिक फळतात आणि त्यांना एकूण ५ ते १८ तास दिलेल्या कार्यक्रमांचा परिणाम सर्वांत चांगला दिसतो, हे त्याचे दोन निष्कर्ष वर्गात उपयोगी आहेत. वर्षभर नुसते तोंडी ध्वनिखेळ खेळवण्याला त्यात आधार नाही.

फोनिक्स

अक्षरे आणि ध्वनी यांचे संबंध ठरवलेल्या क्रमाने शिकवणे म्हणजे पद्धतशीर फोनिक्स. सुटे ध्वनी जोडत शब्दापर्यंत नेणारा प्रकार संश्लेषणात्मक म्हणवला जातो. इंग्लंडने जिम रोझ यांच्या २००६ च्या अहवालानंतर तो सर्व सरकारी प्राथमिक शाळांत रुजवला आणि २०१२ पासून सहा वर्षांच्या मुलांसाठी ४० शब्दांची चाचणी सुरू केली. त्यातले २० शब्द बनावट, निरर्थक असतात. पाठांतर किंवा अंदाज चालू नये म्हणून. निरर्थक शब्द वाचायला लावणे हास्यास्पद असल्याची तक्रार वरचेवर होते, पण चाचणीचा सगळा जीव त्यातच आहे.

नॅशनल रीडिंग पॅनेलने तपासलेल्या प्रयोगांत पद्धतशीर फोनिक्सचा सरासरी परिणाम ०.४१ प्रमाण विचलन (मुलांच्या गुणांतील नेहमीच्या चढउताराच्या तुलनेत मोजलेला फरक) इतका निघाला. सुरुवातीच्या वर्गांत तो ०.५५ च्या घरात होता, दुसरीपासून पुढे ०.२७ वर उतरला. जेफ्री बोअर्स यांनी २०२० मध्ये या पुराव्याची उलटतपासणी करून तो सांगितला जातो तितका भक्कम नसल्याचा आक्षेप घेतला. आक्षेप गंभीर आहे. तरीही अंदाजावर भिस्त ठेवणारी पद्धत अधिक चांगली असल्याचे त्यातून सिद्ध होत नाही, आणि उशिरापेक्षा लवकर शिकवलेले फोनिक्स जास्त कामी येते हा कल कायम राहतो.

लिपीचा फरक

वरचे बहुतेक संशोधन इंग्रजीवरचे आहे, आणि वर्णमालेच्या लिप्यांत इंग्रजी हा अपवाद आहे. फिलिप सेमर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातील १३ भाषांच्या नवशिक्या वाचकांची तुलना केली. पहिलीच्या अखेरीस फिनिश, ग्रीक, जर्मन मुले परिचित शब्द जवळजवळ बिनचूक वाचत होती. इंग्रजी वाचणारी स्कॉटिश मुले जेमतेम एकतृतीयांश.

देवनागरी, कन्नड यांसारख्या अक्षरलिप्यांचे गणित तिसरेच आहे. उच्चार आणि लेखन यांचा मेळ बराचसा पक्का. पण चिन्हांची संख्या फार मोठी. व्यंजने, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे धरून मुलाला शेकडो आकृत्या ओळखाव्या लागतात. सोनाली नाग यांच्या २००७ च्या कन्नड अभ्यासात अक्षरज्ञानाची वाढ चौथीपर्यंत चालूच असल्याचे आणि सुट्या ध्वनींची जाण हळूहळूच येत असल्याचे दिसले. पहिलीत अक्षरओळख ‘संपवण्याचा’ आग्रह म्हणूनच गैरलागू ठरतो.

मराठीत आणखी खाचखळगे आहेत. ‘घर’ वाचताना मूल ‘घ… र…’ असे दोन्ही ‘अ’ पूर्ण उच्चारते. त्यातला शेवटचा गिळून ओळखीच्या शब्दाशी मेळ घालणे त्याचे त्याला करावे लागते. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, उच्चारली जाते नंतर. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ लिहायला एक, म्हणायला वेगळा. तो शब्द मुलाच्या कानावरून गेलेला असेल तरच दुरुस्ती जमते, म्हणजे उकलीलाही शब्दसंग्रहाचा टेकू लागतो. मराठी व कन्नड शाळांतील मुलांचा तीन वर्षे पाठपुरावा करणाऱ्या ‘लिरिल’ प्रकल्पाच्या २०१७ च्या अहवालात एकसुरात म्हणवून घेणे आणि फळ्यावरून उतरवून काढणे यांतच वर्गाचा बराच वेळ जात असल्याचे नोंदले गेले. अर्थाला जागा थोडी, आणि अक्षरेही पक्की होत नाहीत. अक्षरपद्धतीचे समर्थक आणि विरोधक दोघांनाही हा अहवाल अडचणीचा वाटावा.

ओघ आणि आकलन

शब्द प्रत्येक वेळी नव्याने फोडावा लागला तर अर्थासाठी लक्ष उरत नाही. लिनिया एरी यांच्या मते शब्दातली अक्षरे, त्यांचा उच्चार आणि अर्थ स्मरणात एकमेकांना चिकटले, की शब्द नजरेत भरताच ओळखला जातो. डेव्हिड शेअर यांनी १९९५ मध्ये दाखवल्याप्रमाणे प्रत्येक यशस्वी उकल हा मुलाने स्वतःला दिलेला धडाच असतो. तोच उतारा मार्गदर्शनाखाली पुन्हापुन्हा प्रकट वाचणे उपयोगी पडते. शाळेत नुसता मूकवाचनाचा तास ठेवल्याने ओघ वाढतो, हे मात्र पॅनेलला उपलब्ध प्रयोगांतून सिद्ध झालेले आढळले नाही.

आकलनाबाबत १९८८ चा डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा प्रयोग नेहमी सांगितला जातो. ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला देऊन मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवत तो डाव उभा करायला सांगितले. खेळाची माहिती असलेले कच्चे वाचक माहिती नसलेल्या चांगल्या वाचकांच्या पुढे निघून गेले. ‘मध्यवर्ती कल्पना ओळखा’ छापाच्या स्वाध्यायांवर तासन्‌तास घालवण्यापेक्षा विज्ञान, इतिहास आणि गोष्टी भरपूर वाचून दाखवणे का फायद्याचे, ते यावरून कळते. आकलनाची तंत्रे निरुपयोगी आहेत असे नाही. अ‍ॅनमरी पॅलिन्क्सर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या ‘परस्पर अध्यापना’त मुले आळीपाळीने सारांश सांगतात, प्रश्न विचारतात, अडलेले सोडवतात आणि पुढचा तर्क करतात, त्याचे परिणाम चांगले आहेत. पण तंत्रे शिकायला थोडे धडे पुरतात, माहिती जमायला वर्षे लागतात.

वाचनदोष

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांची मुख्य अडचण बहुधा ध्वनींच्या हाताळणीत असते, दृष्टीत नव्हे. त्यांना वेगळी जादुई पद्धत लागत नाही. तेच अक्षर-ध्वनी शिक्षण अधिक सावकाश, अधिक सरावाने आणि छोट्या गटात द्यावे लागते. रंगीत भिंगांना विश्वासार्ह आधार मिळालेला नाही. लिपीनुसार या दोषाचे रूप बदलते. इंग्रजीत तो चुकांतून उघड होतो, तर जर्मनसारख्या नियमित लेखनात हीच मुले बरोबर, पण अतिशय संथ वाचतात. नुसत्या चुका मोजणाऱ्या चाचणीतून ती सुटतात, म्हणून अशा भाषांत वाचनाचा वेळही नोंदवावा लागतो.