मुदत संपलेले ग्रीन कार्ड आणि मुदत संपलेले वर्क परमिट

अमेरिकेतील ग्रीन कार्डावर आणि वर्क परमिटवर, म्हणजे सगळे ज्याला ईएडी म्हणतात त्या कार्डावर, एक अखेरची तारीख छापलेली असते आणि ती उलटली की नोकरीचा हक्कही संपला, असे दोन्हींबाबत सर्रास गृहीत धरले जाते. ईएडीपुरते हे बहुतेक वेळा खरे असते, ग्रीन कार्डापुरते मात्र बहुधा नसते.

ग्रीन कार्ड हा कायम रहिवासाचा पुरावा आहे, रहिवासाचा दर्जा नव्हे. दहा वर्षांनी कार्डाची मुदत संपते. दर्जा मात्र चालूच राहतो आणि त्यासोबत काम करण्याचा हक्कही. त्यामुळे नोकरीला लागताना ज्याने वैध ग्रीन कार्ड दाखवले होते, त्याच्या कार्डाची मुदत पुढे संपली तरी आय-९ अर्जासाठी (कर्मचाऱ्याची ओळख आणि कामाचा हक्क तपासल्याची नोंद करण्याचा मालकाचा अर्ज) मालकाने त्याच्याकडे पुन्हा कागद मागायचे नसतात. नव्या नोकरीत मुदत संपलेले नुसते कार्ड चालत नाही; पण नूतनीकरणासाठी आय-९० भरल्याची पावती सोबत असेल तर चालते, कारण सप्टेंबर २०२४ पासून ती पावती कार्डाची मुदत ३६ महिन्यांनी वाढवते. शिवाय वाहन परवाना आणि कोणतेही बंधन न छापलेले सोशल सिक्युरिटी कार्ड एवढ्यावरही आय-९ पूर्ण होतो. मान्य यादीतले कोणते कागद दाखवायचे, हे कर्मचाऱ्याने ठरवायचे असते, ही गोष्ट कित्येक मनुष्यबळ विभागांनाच ठाऊक नसते.

अपवाद आहे तो दोन वर्षांच्या सशर्त ग्रीन कार्डाचा. विवाहाच्या आधारे ते मिळाले असेल, तर मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत शर्ती काढून टाकण्यासाठीचा आय-७५१ अर्ज भरावा लागतो. तो भरलाच नाही तर कार्डाबरोबर दर्जाही संपुष्टात येतो, म्हणून येथे आळस फार महागात पडतो.

ईएडीचे स्वरूपच निराळे आहे. त्यावर छापलेली तारीख सहसा परवानगीचीच तारीख असते, म्हणून ती उलटण्यापूर्वी मालकाला पुन्हा पडताळणी करावी लागते आणि परवानगी संपल्याचे ठाऊक असूनही कामावर ठेवले तर दंड मालकाला होतो. पूर्वी वेळेत नूतनीकरणाचा अर्ज केला की अनेक गटांना ५४० दिवसांची आपोआप वाढ मिळत असे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना, थोडे अपवाद वगळता, ती मिळत नाही. त्यामुळे अर्ज वेळेत केला होता, एवढ्यावर आता विसंबता येत नाही.

अर्थात ईएडीधारकही सगळे सारखे नाहीत. एच-४ वर, म्हणजे एच-१बी कर्मचाऱ्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, आलेल्या जोडीदाराची परवानगी ईएडीवरच टांगलेली असते, तर एल-२ वर, म्हणजे कंपनीने बदलीवर आणलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, आलेल्या जोडीदाराला दर्जामुळेच काम करता येते आणि आय-९४ या प्रवेशनोंदीवरील एल-२एस ही नोंद त्यासाठी पुरते. एकाच घरात जोडीदाराचा व्हिसा बदलला की हा नियमही बदलतो.

परवानगी संपल्यावरही कोणी काम करत राहिले, तर केलेल्या कामाच्या मजुरीचे काय? किमान वेतन आणि जादा तासांचा १९३८ चा संघीय कायदा स्थलांतराचा दर्जा पाहत नाही; राबलेल्या प्रत्येक तासाचे पैसे मालकाला द्यावेच लागतात. २००२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नाकारली ती कामगार संघटनेच्या कामामुळे बेकायदा काढून टाकल्यानंतरच्या, म्हणजे प्रत्यक्ष न केलेल्या कामाच्या पगाराची भरपाई.