फाब्रिसियस पूल

रोम शहरात टायबर नदीवर असलेला प्राचीन दगडी कमानी पूल. लॅटिन नाव पॉन्स फाब्रिसियस, इटालियन नाव पोन्ते फाब्रिचो. डाव्या तीरावरील मार्सेलसच्या रंगमंदिराचा परिसर आणि नदीपात्रातील टायबर बेट यांना तो जोडतो. रोममध्ये याहून जुन्या पुलांचे भाग उभे आहेत. मात्र मूळ बांधणी बव्हंशी शाबूत ठेवून आजही रहदारीत असलेला शहरातील सर्वांत जुना पूल हाच होय. सध्या त्यावरून फक्त पायी जाता येते.

पुलाचा काळ साधारणतः इ. स. पू. ६२ मानला जातो. हे वर्ष पुलावर कोरलेले नाही. ते इतिहासकार डिओ कॅशस याच्या नोंदीवरून घेतले आहे आणि डिओ पुलानंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी लिहीत होता. तरीही नोंदीवर अविश्वास दाखवावा असे काही आढळत नाही. कवी होरेस याच्या इ. स. पू. ३० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका उपहासकवितेत, दिवाळे निघालेला एक व्यापारी फाब्रिसियस पुलावरून जीव द्यायला निघतो व एक तत्त्वज्ञ त्याला अडवतो, असा प्रसंग आहे. म्हणजे तोपर्यंत पूल या नावाने शहरभर ठाऊक होता. बेटावर त्याआधी दोन शतकांहून अधिक काळ वैद्यकदेवता एस्क्युलेपियसचे मंदिर होते. तेथे जाण्यासाठी लाकडी पूल असावा, असे सामान्यतः मानतात.

बांधणाऱ्याचे नाव मात्र दगडानेच जपले आहे. दोन्ही कमानींवर, दोन्ही बाजूंना, मिळून चार ठिकाणी एकच मजकूर कोरलेला आहे : गायसचा पुत्र, रस्त्यांचा अधीक्षक लुसियस फाब्रिसियस याने हे काम करवून घेतले आणि त्यानेच ते तपासून मान्य केले. ‘कुरावित’ (करवून घेतले) याऐवजी ‘कोएरावित’, ‘प्रोबावित’ (मान्य केले) याऐवजी ‘प्रोबावेइत’ अशी जुनी लॅटिन वर्णरूपे येथे दिसतात. ती सम्राटांपूर्वीच्या रोमन प्रजासत्ताकाच्या काळाशी जुळतात. याशिवाय लहान अक्षरांत एक दुसरी ओळ आहे. तीत लेपिडस व लोलियस या कॉन्सलांनी (रोमच्या त्या वर्षीच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांनी) सिनेटच्या ठरावानुसार कामाला मान्यता दिल्याचे म्हटले आहे. हे दोघे इ. स. पू. २१ मध्ये कॉन्सल होते. चाळीस वर्षांनी पुन्हा मान्यता कशासाठी, हा वादाचा मुद्दा आहे. कंत्राटदाराला चाळीस वर्षांची हमी द्यावी लागे व मुदत संपल्यावर ही तपासणी झाली, असे एक मत वारंवार मांडले जाते. त्याला या लेखापलीकडे आधार तोकडा आहे. इ. स. पू. २३ व २२ मध्ये टायबरला मोठे पूर आल्याचे डिओच सांगतो. तेव्हा पुरानंतरच्या दुरुस्तीची ही नोंद असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

पुलाची लांबी सुमारे ६२ मी. व रुंदी सुमारे ५·५ मी. आहे. मोठे गाळे दोन, प्रत्येकी सुमारे २४·५ मी.चे. नदीच्या मधोमध एकच आधारस्तंभ असून त्याच्या वरच्या भागात सुमारे ६ मी. रुंदीची लहान कमान मोकळी ठेवली आहे. नदी नेहमीच्या पातळीवर असताना या कमानीतून फक्त पलीकडचे आकाश दिसते; पूर चढला की पाणी तिच्यातून वाहून जाते आणि स्तंभावरचा दाब कमी होतो. अवघ्या सहा मीटरच्या या पोकळीमागची समज पाहून आजचा अभियंताही थबकावा. गाभा तूफा या ज्वालामुखीजन्य दगडाचा असून दर्शनी कमानी ट्रॅव्हर्टीन या टिकाऊ चुनखडकाच्या आहेत. बाकीच्या दर्शनी भागातील विटा नंतरच्या असून १६७९ मध्ये पोप इनोसंट अकरावे यांच्या काळात दुरुस्ती झाली.

कठड्यावर चार मुखांचे दोन संगमरवरी स्तंभ आहेत. त्यांवरून पुलाला ‘चार डोक्यांचा पूल’ म्हणतात. चेहऱ्यांची नाके-डोळे झिजून गेली आहेत. मध्ययुगात त्याला ‘यहुद्यांचा पूल’ असेही नाव होते, कारण शेजारीच यहुदी वस्ती होती.

परिसर : पुलाच्या डाव्या तीराकडील टोकाला सान ग्रेगोरिओचे छोटे चर्च असून त्याच्या दर्शनी भागावर हिब्रू व लॅटिन अशा दोन्ही भाषांत बायबलमधील वचन लिहिलेले आहे. जवळच १९०४ मध्ये खुले झालेले मोठे सिनेगॉग (यहुदी प्रार्थनामंदिर), ऑक्टेव्हियाच्या स्तंभमंडपाचे अवशेष व मार्सेलसचे रंगमंदिर आहे. बेटावर उतरताच मध्ययुगीन बुरूज लागतो. इ. स. पू. २९३ च्या साथीनंतर वैद्यकदेवता एस्क्युलेपियसचा सर्प येथे आणल्याची आख्यायिका आहे. बेटाच्या काठाला दगडात जहाजाचा आकार दिला होता. या दगडी जहाजाचा, सर्पवेष्टित दंड कोरलेला एक तुकडा अजून दिसतो. मंदिराच्या जागी आता संत बार्थोलोम्यूचे चर्च असून वेदीपुढील पायऱ्यांत कोरीव विहिरीचा कठडा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेले रुग्णालय बेटावर आजही चालू आहे.

बेटाच्या दुसऱ्या बाजूचा सेस्टियस पूल १८८८–९२ मध्ये नव्याने बांधला गेला. बेटाच्या दक्षिणेस, प्रवाहाच्या दिशेने, ‘तुटका पूल’ दिसतो. हा इ. स. पू. दुसऱ्या शतकातील एमिलियस पूल. १५९८ च्या पुरात त्याचा पूर्वेकडील भाग वाहून गेला. आज पात्रात त्याची एकच कमान उभी आहे.