हालचाल कशी होते: स्नायू आणि मज्जातंतूंची जोडी

हालचाल म्हणजे मेंदूतून निघालेला हुकूम मज्जातंतूंतून स्नायूपर्यंत जाणं, स्नायूनं आखडून हाड ओढणं आणि ओढलं ते बरोबर झालं का याची बातमी परत मेंदूकडं येणं, हे सगळं मिळून. आपण नुसतं "हातात ताकद आहे" म्हणतो, पण हात हे या साखळीचं शेवटचं टोक. माणसाच्या अंगात हाडांना जोडलेले सहाशेच्या वर स्नायू आहेत आणि हुकूम आल्याशिवाय त्यातला एकही कामाला लागत नाही.

आधी शब्दांचा घोळ निस्तरावा लागतो. मराठवाड्यात "शीर" म्हटलं की त्यात सगळंच येतं, रक्ताची नळी पण शीर, मज्जातंतू पण शीर आणि टाचेमागची जाड दोरी पण शीर. "शीर दबली" म्हणणारा माणूस मज्जातंतूबद्दल बोलत असतो आणि "शीर सापडंना" म्हणणारी सिस्टर रक्तवाहिनीबद्दल. या नोंदीत मज्जातंतू म्हणजे संदेश नेणारी तार, तिच्यातून रक्त वाहत नाही.

विहिरीवरच्या मोटारीचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. पाणी येईना म्हणून कुणी लगेच मोटार वर काढत नाही, आधी डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, लाईट आहे का बघतात, मग फ्यूज, मग केबल, मग स्टार्टर, आणि सगळं नीट असलं तरच मोटारीवर संशय घेतात. अंगात मेंदू म्हणजे डीपी, पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जारज्जू म्हणजे मेन लाईन, मज्जातंतू म्हणजे केबल, तंतू आणि स्नायू भेटतात ती जागा म्हणजे स्टार्टर आणि स्नायू म्हणजे मोटार. हुकूम नेणाऱ्या पेशीला डॉक्टर लोक मोटर न्यूरॉनच म्हणतात. फरक एवढाच की विहिरीतली मोटार वर काही कळवत नाही, स्नायू मात्र क्षणाक्षणाला कळवत असतो.

ज्वारीची भाकरी थापणारा हात बघा. काठवटीत पीठ भुरभुरलेलं, त्यावर गोळा, उजवा तळवा थापतोय आणि त्याच थापेनं भाकरी थोडी थोडी फिरतेय, काठ जाड राहिला की बोटं आपोआप काठाकडं सरकतात, चीर पडायला लागली की दाब कमी होतो, आणि हे सगळं चालू असताना ती बाई चुलीतला जाळ पुढं सारत शेजारणीशी बोलत असते. नवीन शिकणाऱ्या पोरीचं तसं नसतं, तिची नजर भाकरीवरून हलत नाही, खांद्यापासून सगळा हात कडक होतो आणि भाकरी उचलताना तुटते. दोघींच्या स्नायूंत फार फरक नाही. फरक आहे तो मेंदूच्या मागच्या बाजूला खाली असलेल्या लहान मेंदूत, जो ठरवलेली हालचाल आणि झालेली हालचाल ताडून बघतो आणि पुढच्या वेळी चूक कमी करतो. मोठ्या मेंदूचा हालचालीचा पट्टा हुकूम सोडतो, मेंदूच्या आत खोलवर असलेल्या गाठी कुठली हालचाल सुरू करायची आणि कुठली दाबून धरायची ते सांभाळतात (हात थरथरतात त्या पार्किन्सन आजारात बिघाड इथं असतो), आणि शेकडो भाकऱ्या तुटल्यावर हे तिघं मिळून जे बसवतात त्याला आपण "हात बसला" म्हणतो. या पट्ट्यात हात आणि तोंड यांची जागा पाठ-मांडीपेक्षा कितीतरी मोठी आहे, कारण तिथली कामं बारीक.

हुकूम खाली येताना मानेच्या वर बहुतेक तारा बाजू बदलतात, म्हणून डाव्या मेंदूला मार बसला की उजवं अंग जातं. मज्जारज्जूत मोटर न्यूरॉन बसलेले असतात, त्यांची एकेक तार पाठीपासून पायाच्या बोटापर्यंत जाते. एक न्यूरॉन आणि तो चालवतो तेवढे स्नायूचे धागे ही एक टोळी, आणि टोळीतले सगळे धागे एकदमच आखडतात. ही कल्पना चार्ल्स शेरिंग्टन यांची, त्यांना 1932 साली नोबेल मिळालं. डोळ्याच्या स्नायूत एका न्यूरॉनकडं दहा-वीस धागे, पोटरीत हजारावर. जोर कमी लागला तर लहान टोळ्या, वाढला तर मोठ्या कामाला लागतात. संदेश विजेसारखा असला तरी तांब्याच्या तारेसारखा वाहत नाही, सोडियम आणि पोटॅशियमचे कण आत-बाहेर होत तो पुढं सरकतो, आणि जाड तंतूत त्याचा वेग सेकंदाला 120 मीटरपर्यंत जातो.

आता स्टार्टर. तंतू स्नायूला चिकटलेला नसतोच, मध्ये अगदी बारीक फट असते. संदेश टोकाला आला की तिथल्या पुरचुंड्या फुटतात आणि ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन फटीत पडतं, ते पलीकडच्या कुलपात चावीसारखं बसतं आणि स्नायूत नवीन संदेश उठतो. पण चावी कुलपात तशीच राहिली तर स्नायू सुटणारच नाही, म्हणून तिथंच एक एन्झाइम असतं जे ॲसिटिलकोलीन सेकंदाच्या हजाराव्या भागात तोडून टाकतं. हे एन्झाइम लक्षात ठेवा.

स्नायूच्या आत कॅल्शियम सुटतं आणि मायोसिनचे जाड धागे ॲक्टिनच्या बारीक धाग्यांना हातावर हात टाकून दोर ओढावा तसं ओढतात. आतले हे धागे स्वतः आखडत नाहीत, एकमेकांवर सरकतात, हे 1954 साली दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी मांडलं, दोन्हीकडं एकेक हक्स्ले होते पण त्यांचं नातं काही नव्हतं. पकड सोडायलाही एटीपी नावाचं इंधन लागतं, मेल्यावर ते संपतं, म्हणून प्रेत ताठ होतं.

स्नायू बैलासारखा, फक्त ओढतो, ढकलत नाही. म्हणून कोपर वाकवायला पुढचा स्नायू आणि सरळ करायला मागचा, आणि एक ओढत असताना दुसऱ्याला सैल सोडायचा हुकूम मज्जारज्जूतूनच जातो.

ऊसतोडीत हे ठळक दिसतं. बीडकडची जोडपी दिवाळीच्या आगंमागं कारखान्याला जातात, तिथं जोडप्यालाच "कोयता" म्हणतात. डाव्या हातानं ऊस धरायचा, कमरेत वाकून बुडाशी घाव, पाचट आणि वाढं काढायचं, मोळी बांधायची, मग ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. फळी लवते तसा प्रत्येक पावलाला तोल जातो आणि सावरतो, विचार करून सावरायला वेळच नसतो. स्नायूच्या पोटात ताण मोजणाऱ्या बारीक चात्या असतात, स्नायू अचानक ताणला की त्या मज्जारज्जूला कळवतात आणि तोच स्नायू तिथल्या तिथं आखडतो, डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेव्हा हेच तपासतात. रात्री पोटरीत गोळा येतो तो आपण ठरवलं नसताना स्नायू घट्ट धरून बसल्यामुळं, पंजा स्वतःकडं ओढून पोटरी ताणली की बहुतेक वेळा सुटतो.

बाभळीचा काटा पायात शिरला की पाय आधी उचलला जातो आणि "आई गं" नंतर तोंडातून निघतं. पाय उचलायचा हुकूम मज्जारज्जूनंच दिलेला असतो, आणि त्याच वेळी दुसरा पाय ताठ करायचा हुकूमही, नाहीतर माणूस पडला असता. पहिली टोचणी वेगळी आणि थोड्या वेळानं चढणारी जळजळ वेगळी, कारण जळजळ नेणाऱ्या तारा फार सावकाश, सेकंदाला मीटरभर.

बिघाड कुठं झालाय हे ओळखणं ही या सगळ्यातली खरी कामाची गोष्ट, आणि आमच्या भागात ती जिवाशी येते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही, पहाटे पोटात दुखायला लागतं आणि पापण्या जड होऊन उघडत नाहीत. मण्यारीचं विष फटीच्या अलीकडं तंतूचं टोकच खराब करतं, नागाचं विष पलीकडचं कुलूप अडवून बसतं. मेंदू शाबूत, स्नायू शाबूत, फक्त स्टार्टर बंद. पापण्या, मग गिळणं, मग श्वास. असा माणूस हलत नाही, बोलत नाही, पण त्याला ऐकू येत असू शकतं, म्हणून गेला असं समजून थांबू नये. चिरा द्यायच्या नाहीत, मंत्र घालणाऱ्याकडं वेळ घालवायचा नाही, चावलेला भाग हलू न देता थेट सापाच्या विषावरचं इंजेक्शन आणि व्हेंटिलेटर असलेलं मोठं हॉस्पिटल गाठायचं, मग ती संभाजीनगरचं घाटी हॉस्पिटल असो की अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज. मण्यारीत तंतूचं टोक परत उगवायला दिवस लागतात, तोवर मशीननं श्वास दिला तर माणूस उठून घरी जातो.

कपाशीवर फवारणी करताना उलटं होतं. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट औषधं वर सांगितलेलं एन्झाइमच बंद पाडतात, मग चावी कुलपात अडकून राहते. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, मांडीचे आणि दंडाचे स्नायू कातडीखाली फडफडताना दिसतात आणि शेवटी थकून ढिले पडतात. कपडे काढून अंग साबणानं धुणं हे पहिलं काम, दवाखान्यात ॲट्रोपिन देतात, पण त्यानं लाळ-घाम आटोक्यात येतात, स्नायूंची अडकलेली चावी सुटत नाही, म्हणून लाळ थांबली तरी श्वासावर लक्ष ठेवावंच लागतं.

पोलिओत मज्जारज्जूतले मोटर न्यूरॉनच मरतात, म्हणून पाय वाळतो पण स्पर्श पूर्ण कळतो. भारताला 27 मार्च 2014 ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, पण वाळलेला पाय घेऊन जगणारी माणसं अजून गावोगाव आहेत.

आणि "अंगावरून वारं गेलं" म्हणतात ते वाऱ्यामुळं होत नाही, डीपीच जळालेली असते. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली की एका बाजूचा हात-पाय जातो, तोंड वाकडं होतं, बोलणं जड होतं. नुसतंच तोंड वाकडं असेल तर कपाळावर आठ्या पाडायला सांगावं, त्या बाजूची आठीही पडत नसेल तर बहुतेक वेळा चेहऱ्याची केबल सुजलेली असते, आठी पडत असेल तर मेंदूचा संशय मोठा, तरी घरी ठरवत बसू नये, डॉक्टरांना दाखवावंच. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन बहुतेक वेळा सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. नंतरचं काम महिन्यांचं आहे, वाटी उचल, बटण लाव, पीठ मळ, तीच तीच हालचाल पुन्हा पुन्हा, कारण मेंदूचा शाबूत राहिलेला भाग गेलेल्या भागाचं काम थोडंफार शिकून घेतो, जशी पोरगी भाकरी शिकते तसंच.