आयरिश कॉफीवरचं क्रीम बुडतं का?

१० नोव्हेंबर १९५२ ची रात्र. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ब्युएना व्हिस्टा कॅफेत दोघंजण एकामागून एक ग्लास भरून बघत होते. एक कॅफेचे मालक जॅक केप्लर, दुसरे वृत्तपत्रात प्रवासाचं सदर लिहिणारे स्टँटन डेलाप्लेन. आयर्लंडच्या शॅनन विमानतळावर व्हिस्की घातलेली जी गरम कॉफी डेलाप्लेन पिऊन आले होते, ती त्यांना इथे करायची होती. क्रीम मात्र काही केल्या वर राहीना, ओतलं की तळाशी. अखेर त्यांनी जॉर्ज ख्रिस्तोफर यांना गाठलं. हे गृहस्थ पुढे शहराचे महापौर झाले, पण इथे कामी आली ती त्यांची डेअरी. त्यांचा सल्ला असा सांगतात: क्रीम ४८ तास मुरू द्या आणि मग फेसाळेपर्यंत घुसळा.

मूळ पेय त्याआधी काही वर्षांचं. शॅनन नदीच्या मुखाजवळच्या फॉइन्सला तेव्हा पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा तळ होता. १९४३ च्या हिवाळ्यात अटलांटिक ओलांडायला निघालेलं एक विमान खराब हवामानामुळे परत फिरलं, आणि गारठलेल्या प्रवाशांसाठी तिथले आचारी जो शेरिडन यांनी कॉफीत व्हिस्की घातली, अशी त्याची जन्मकथा आहे.

घरी पहिल्यांदा करताना माझंही क्रीम बुडालं. ग्लासात चहाच्या रंगाचं गढूळ काहीतरी तयार झालं. मग खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली: स्निग्धांश २५ टक्के. भाजीत घालायला ते क्रीम उत्तम, पण फेटून हवा धरून ठेवायला निदान ३० टक्के, आणि खरं तर ३५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश लागतो. दुकानात ‘व्हिपिंग क्रीम’ मागताना दुधाचंच मागा. केकवाल्यांकडे मिळणारं बरंचसं वनस्पती तेलाचं आणि आधीच गोड असतं.

पण नुसतं दाट क्रीम आणूनही भागत नाही, आणि याचं कारण साध्या वजनात आहे. क्रीम हलकं म्हणून तरंगतं, असं आपण गृहीत धरतो. फ्रिजमधल्या, न फेटलेल्या क्रीमच्या एका मिलिलिटरचं वजन जवळजवळ १ ग्रॅम भरतं. गरम पाणी मात्र प्रसरण पावतं, ७० अंश सेल्सिअसला त्याच्या मिलिलिटरचं वजन ०.९७८ ग्रॅमवर येतं. त्यात व्हिस्की पडली की कॉफी आणखी हलकी होते, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. म्हणजे या ग्लासात खालचा थर वरच्यापेक्षा हलका असतो! दोन चमचे साखर घातली की कॉफीची घनता अंदाजे दोन टक्क्यांनी वाढते. म्हणून बिनसाखरेच्या आयरिश कॉफीत क्रीम लवकर दगा देतं. साखरेनं दरी कमी होते, पण पूर्ण भरत नाही. उरलेलं काम हवेचं. फेटून क्रीम दीडपट फुगलं, तर मिलिलिटरचं वजन ०.६७ ग्रॅमच्या आसपास येतं. मग ते बुडायचं कशाला?

ही हवा धरून कोण ठेवतं, हे आपल्याकडे ताक घुसळणाऱ्या प्रत्येक बाईला हातानं माहीत आहे. उन्हाळ्यात लोणी पातळ होऊन गोळा होत नाही, तेव्हा ती बर्फाचं पाणी घालते. थंडीत लोणी येईना झालं की कोमट पाणी घालते. दुधातला स्निग्धांश सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात असतो आणि प्रत्येक गोळीभोवती पातळ पापुद्रा असतो. थंडीत गोळीच्या आत स्निग्धाचे स्फटिक तयार होतात. घुसळताना त्यांची टोकं पापुद्र्यातून बाहेर येतात आणि गोळ्या एकमेकींना चिकटतात, पण आतला घन भाग त्यांना पूर्ण एकजीव होऊ देत नाही. अशा अर्धवट चिकटलेल्या गोळ्यांची साखळी हवेच्या बुडबुड्यांभोवती भिंत बांधते. क्रीम कोमट असेल तर भिंत उभीच राहत नाही. घुसळणं थांबवलंच नाही, तर भिंत कोसळते, हवा निसटते आणि लोणी सुटतं. आयरिश कॉफीला हवं ते क्रीम लोण्याच्या वाटेवर अर्ध्यात थांबवलेलं असतं. ख्रिस्तोफर यांच्या सल्ल्यालाही इथे अर्थ येतो: गोळ्यांतला स्निग्धांश नीट गोठायला थंडाव्यात काही तास जावे लागतात.

मी मिक्सर लावत नाही. झाकणाच्या काचेच्या बरणीत निम्म्यापर्यंत थंडगार क्रीम घेते आणि हलवते. सुरुवातीला खळखळ असा पातळ आवाज येतो. थोड्या वेळानं तो जड होतो, थपथप होतो. तिथेच थांबायचं. चमच्यावरून ते धार धरून ओघळलं पाहिजे, गोळा होऊन पडता कामा नये. ग्लास गरम पाण्यानं विसळून त्यात दोन चमचे साखर, १२० मिलि कडक गरम कॉफी आणि ४० मिलि व्हिस्की घालते. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळते. मग चमचा उलटा करून कॉफीच्या पृष्ठभागाला टेकवायचा आणि त्याच्या पाठीवरून क्रीम सोडायचं, म्हणजे धारेचा जोर चमच्यावरच मोडतो. व्हिस्की गॅसवर गरम करू नका, तिची वाफ पेट घेते.

आता ढवळायचं नाही. वरचा थर झाकणासारखा बसतो, वाफ कमी निघते आणि कॉफी जास्त वेळ गरम राहते. ओठाला गार लागतं, जिभेला गरम.

व्हिस्की आणि कॉफीचं इतकं का जमतं, याचा एक धागा ग्वायाकॉल नावाच्या रेणूत आहे. कॉफीच्या बिया भाजताना तो तयार होतो आणि त्याला धुरकट वास असतो. व्हिस्कीतही तो असतो, विशेषतः धुरकट व्हिस्कीत. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रिडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर दाखवलं, की व्हिस्कीत पाणी मिसळून अल्कोहोलचं प्रमाण उतरवलं की हा रेणू पृष्ठभागाकडे सरकतो, म्हणजे नाकाच्या जवळ येतो. त्यांनी कॉफी तपासली नव्हती, पण आपल्या ग्लासातही व्हिस्की पातळ होतेच, आणि वर उष्णतेनं वास मोकळा होतो.

गरम कॉफीत दारू ‘उडून जाते’ असं कुणी म्हणालं तर मानू नका. शुद्ध अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं खरं, पण पाण्यात मिसळल्यावर ते इतक्या सहज सुटत नाही. पाच-दहा मिनिटांत ग्लास रिकामा होतो, तेव्हा बहुतेक सगळं पोटातच गेलेलं असतं. कॅफिन फक्त झोप उडवतं, रक्तातलं अल्कोहोल कमी करत नाही. म्हणून एका ग्लासावर थांबावं, आणि गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यावी.

बरणीत उरलेलं क्रीम फेकू नका. झाकण लावून आणखी काही मिनिटं हलवत राहा. आधी आवाज जवळजवळ बंद होतो, मग एकदम पाणी सुटल्यासारखी खळखळ परत येते आणि आत पिवळसर गोळा बसलेला दिसतो. सकाळच्या पोळीवर तो चिमूटभर मिठासह छान लागतो.