संत्रं गोड होतं ते झाडावरच

ऑक्टोबर संपत आला की इंदूरच्या राजेंद्रनगरात, ज्यांच्या अंगणात संत्र्याचं झाड आहे त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: "फळं चांगली मोठी झालीत, पण हिरवीच आहेत. तोडून अढीत घालू का?" कृपा करून घालू नका.

कच्च्या आंब्यात स्टार्चचा साठा असतो. तोडल्यावर त्याची साखर होते, म्हणून आंबा अढीत गोड होतो. लिंबूवर्गीय फळांत असा साठा जवळजवळ नसतोच. त्यांची साखर पानांत तयार होते आणि देठातून फळात उतरते. देठ तुटला की आवक बंद. तोडलेलं संत्रं मऊ पडेल, सुकेल, एखादवेळी पिवळंही होईल. त्याची साखर मात्र वाढणार नाही.

म्हणूनच या फळांना झाडावर एवढा वेळ लागतो. कागदी लिंबू फुलापासून पाच-सहा महिन्यांत तयार होतं, संत्र्याला आठ-नऊ महिने, मोसंबीला साधारण तेवढेच किंवा थोडे जास्त. व्हॅलेन्सिया जातीचं संत्रं थंड हवेत वर्ष उलटलं तरी झाडावरच असतं. जुनी फळं आणि नवा फुलोरा एकाच फांदीवर दिसतात. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहार दिवाळीच्या सुमारास किंवा त्यानंतर हाती येतो, तर जून-जुलैचा मृग बहार थेट पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये.

एवढे महिने फळात चालतं काय? सुरुवातीचा महिना-दीड महिना फक्त पेशींची संख्या वाढते. याच काळात झाडाखाली वाटाण्याएवढ्या हिरव्या गोळ्यांचा सडा पडतो आणि लोक घाबरून औषध फवारायला निघतात. झाड आपल्याला पोसवतील तेवढीच फळं ठेवतं; शंभर फुलांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच टिकतात.

मग फळ भराभर फुगतं. संत्र्याची एक फोड सोलून उजेडात धरा: निमुळत्या टोकाच्या बारीक पिशव्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतील. या पिशव्यांच्या पेशींत आधी सायट्रिक आम्ल साठतं, ते अगदी भरपूर. नंतर पाणी आणि साखर येत राहते, आम्ल पातळ होतं, काही फळाच्या श्वसनात खर्चही होतं. संत्र्याची चव ठरते ती साखर आणि आम्ल यांच्या या प्रमाणावर. कागदी लिंबात आम्ल शेवटपर्यंत चढंच राहतं, तिथे आपण वाट पाहतो ती रस भरण्याची आणि साल पातळ, गुळगुळीत होण्याची.

रंगाचा हिशेब वेगळाच. सालीतलं हरितद्रव्य ओसरायला थंड रात्री लागतात, ढोबळमानाने १३ अंश सेल्सिअसच्या खालच्या. माळव्यात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अशा रात्री मिळतात आणि संत्री पिवळा रंग धरतात. जिथे थंडी पडतच नाही, तिथे पूर्ण गोड संत्रंही हिरवं असतं. उलट व्हॅलेन्सियाचं पिकलेलं फळ उन्हाळा लागल्यावर पुन्हा हिरवट होऊ शकतं. व्यापारात इथिलीन वायू देऊन रंग आणतात, तोही फक्त सालीपुरता. त्यामुळे बाजारात रंगावर भाळून संत्री घेण्यापेक्षा हातात जड लागणारं फळ निवडणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

अंगणातल्या झाडाचं सांगायचं तर एक फळ तोडून चाखा. आंबट लागलं तर बाकीची पंधरा दिवस राहू द्या. झाडावर ती नासत नाहीत. फार उशीरही करू नका, कारण जास्त लांबवलं की रसाच्या पिशव्या कोरड्या, भरड होऊ लागतात. तोडताना ओढू नका. कात्रीने देठाचं बारीक बोंड फळाला ठेवून कापा, नाहीतर तिथली साल फाटते आणि त्या जखमेतून हिरवी बुरशी आत शिरते.