वर्षाचे इंजेक्शन आणि सहा महिन्यांचे इंजेक्शन: साथीच्या काळात कोणते लांबवता येते?

ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, असलेले अनेक रुग्ण आपल्या उपचाराचे नाव ‘हाडांचे इंजेक्शन’ एवढेच सांगतात. एरवी त्याने फारसे बिघडत नाही, कारण दवाखान्यात डॉक्टरांसमोर फाइल असते आणि मागच्या डोसची नोंदही असते. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही जागतिक महामारी असल्याचे जाहीर केले आणि ही घडी विस्कटली. तपासणी फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर होऊ लागली, आणि इंजेक्शनची तारीख जवळ आलेली असताना घराबाहेर पडण्याची भीती वाटणाऱ्या वृद्ध रुग्णांचा एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला: थोडे थांबले तर चालेल का? झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन असेल, तर बहुतेक वेळा चालते. डेनोसुमॅबचे असेल, तर चालत नाही. म्हणून दूरध्वनीवरच्या तपासणीत रक्तदाब, आहार, व्यायाम यांच्याही आधी इंजेक्शन नेमके कोणते, हे ठरवावे लागते.

या दोन औषधांची गल्लत होणे स्वाभाविक आहे. दोन्ही हाडांची झीज करणाऱ्या पेशींना आवर घालतात, दोन्हींमुळे मणक्याचे आणि खुब्याचे फ्रॅक्चर होण्याचा धोका कमी होतो, आणि दोन्ही इतक्या अंतराने दिली जातात की मधल्या काळात रुग्णाला नावाचा विसर पडतो. मात्र देण्याची पद्धत वेगळी आहे, आणि नाव आठवत नसेल तेव्हा तीच उपयोगी पडते. झोलेड्रोनिक ॲसिड वर्षातून एकदा, ५ मिलिग्रॅम, शिरेतून सलाईनसारखे निदान १५ मिनिटे सोडतात. डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी, ६० मिलिग्रॅम, दंडावर, मांडीवर किंवा पोटावर त्वचेखाली टोचतात, आणि ते काही क्षणांत संपते. हाताला सुई लावून काही वेळ बसवून ठेवले होते की एकदाच टोचून घरी पाठवले, या साध्या प्रश्नाने बराच उलगडा होतो. तरीही जुनी पावती किंवा औषधाचे खोके कॅमेऱ्यासमोर धरायला सांगावे, हे बरे. शिरेतून दर तीन महिन्यांनी दिले जाणारे आयबँड्रोनेटही आहे, आणि स्मरणशक्तीवर सगळा भार टाकणे योग्य नाही.

उशिराचा परिणाम इतका वेगळा का, याचे उत्तर औषध शरीरात कुठे राहते यात आहे. झोलेड्रोनिक ॲसिड बिस्फॉस्फोनेट गटातले आहे. ते हाडातल्या खनिजाला चिकटून बसते आणि तिथून वर्षानुवर्षे हळूहळू सुटत राहते. तीन वर्षे दरवर्षी डोस घेऊन नंतर तो थांबवलेल्या रुग्णांतही लाभाचा बराच भाग पुढची काही वर्षे टिकलेला आढळला आहे. डेनोसुमॅब हाडात साठतच नाही. ते एक प्रतिपिंड आहे आणि झीज करणाऱ्या पेशी तयार होण्यासाठी लागणारा ‘रँक लिगँड’ नावाचा संदेशवाहक ते अडवून धरते. सहा महिन्यांनंतर त्याचा अंमल ओसरला की धरणाचे दरवाजे एकदम उघडावेत तशी झीज उसळते आणि काही काळ उपचारापूर्वीच्या पातळीच्याही वर जाते. त्यामुळे कमावलेली घनता वर्ष-दोन वर्षांत निघून जाते, आणि काही रुग्णांत एकाच वेळी अनेक मणके खचतात. ब्रिटनमधील रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०२० मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, डोस १६ आठवड्यांहून अधिक लांबलेल्यांमध्ये मणक्याच्या फ्रॅक्चरचा धोका वाढलेला दिसला.

हाडांच्या विकारांवर काम करणाऱ्या अमेरिकन आणि युरोपीय वैद्यकीय संस्थांनी मे २०२० मध्ये संयुक्त मार्गदर्शन दिले, तेही याच फरकावर उभे होते. शिरेतून दिले जाणारे बिस्फॉस्फोनेट काही महिने लांबले तरी हानी होण्याची शक्यता कमी, असे त्यात म्हटले होते. डेनोसुमॅबचा डोस मात्र ठरलेल्या तारखेनंतर महिन्याहून अधिक लांबू नये, म्हणजे आधीच्या डोसपासून सात महिन्यांची मर्यादा ओलांडू नये, असे सुचवले होते.

त्यामुळे झोलेड्रोनिक ॲसिड घेणाऱ्याचे काम फोनवर लवकर आटोपते: डोस पुढे ढकलावा, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू ठेवावे, तोल जाऊन पडणार नाही याची घरात काळजी घ्यावी. साथीच्या दिवसांत थांबण्याला आणखी एक कारण होते. या औषधानंतर, विशेषतः पहिल्या डोसनंतर, पहिल्या तीन दिवसांत ताप, अंगदुखी आणि थकवा येऊ शकतो. ऐन साथीत हा ताप औषधाचा की संसर्गाचा, हे घरी बसून ओळखणे अवघड होते आणि रुग्णाला विनाकारण चाचण्यांच्या फेऱ्यात अडकवणारे ठरते.

डेनोसुमॅबच्या बाबतीत दूरवैद्यक सेवेची खरी कसोटी लागते, कारण इथे सुई शरीरापर्यंत पोहोचवावीच लागते. मला वाटते की या रुग्णांपुरते तरी, किती कॉल झाले यापेक्षा किती डोस वेळेवर पडले यावर सेवेचे मोजमाप व्हावे. नुसते “काळजी घ्या, पुढच्या महिन्यात बोलू” म्हणणारा सौजन्यपूर्ण कॉल इथे नुकसान करू शकतो. वाटा अनेक आहेत: रुग्णाने गाडीतच बसून राहायचे आणि दंडावर इंजेक्शन घ्यायचे, नर्सने घरी येऊन द्यायचे, किंवा व्हिडिओवर देखरेख ठेवून घरातल्या शिकवलेल्या व्यक्तीने टोचायचे. शेवटच्या वाटेत दोन खबरदाऱ्या लागतात. औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेले असावे, आणि क्वचित उद्भवणाऱ्या तीव्र ॲलर्जीत काय करायचे हे आधी ठरलेले असावे. मागील वर्षातले रक्ताचे अहवाल ठीक असतील आणि प्रकृती स्थिर असेल, तर डोसपूर्वीची तपासणी वगळता येते, असे त्या मार्गदर्शनात होते. मूत्रपिंडे अशक्त असलेल्यांना ही सवलत नाही. या औषधाने त्यांच्या रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि ते रक्त तपासल्याशिवाय नीट कळत नाही.

इतके करूनही डोस जमत नसेल, तर सात महिने उलटू न देता तोंडाने घ्यायच्या बिस्फॉस्फोनेटवर, बहुधा आठवड्यातून एकदा घेण्याच्या ७० मिलिग्रॅम ॲलेंड्रोनेटवर, डॉक्टर रुग्णाला तात्पुरते नेतात. गोळी सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास आडवे व्हायचे नसते, आणि हे व्हिडिओवर एकदा रुग्णाकडूनच वदवून घेतलेले चांगले. अन्ननलिकेचा त्रास असलेल्यांना किंवा मूत्रपिंडाचे काम फार मंदावलेल्यांना ही गोळी सोयीची नसते. अशांसाठी डेनोसुमॅबची वेळ पाळणे आणखी निकडीचे ठरते.

दोन्ही औषधांसाठी समान असलेले प्रश्न थोडे आहेत आणि ते फोनवर चांगले विचारता येतात: मांडीत किंवा जांघेत नवे दुखणे आहे का, दात काढायचा आहे का, पाठीत अचानक कळ आली का, उंची कमी झाली का. घनता मोजणारी डेक्सा तपासणी बहुतेकांची काही महिने थांबू शकते. पाठीतल्या अचानक कळेचे मात्र प्रत्यक्ष तपासून घ्यावे, विशेषतः डेनोसुमॅबचा डोस लांबला असेल तर.

चुकलेला डोस शेवटी मिळाला की पुढची तारीख जुन्या वेळापत्रकावरून मोजायची नसते. डेनोसुमॅबचे पुढचे इंजेक्शन प्रत्यक्ष टोचल्याच्या दिवसापासून सहा महिन्यांनी येते, आणि ती तारीख त्याच कॉलमध्ये रुग्णाच्या घरच्यांना लिहून घ्यायला सांगावी.