घरची भाषा आणि पंचवीस डॉलरचा दंड

२५ मे १९२०. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात हॅम्प्टन नावाचं एक लहानसं गाव. तिथल्या चर्चच्या शाळेत रॉबर्ट मेयर हे शिक्षक दहा वर्षांच्या एका मुलाकडून बायबलमधली गोष्ट वाचून घेत होते. जर्मनमध्ये. तेवढ्यात सरकारी वकील वर्गात आले आणि मेयर यांच्यावर खटला भरला गेला. दंड झाला २५ डॉलर. आठवी पास होण्याआधी मुलांना इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवणं हा त्या राज्यात १९१९पासून गुन्हा होता. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि जर्मन बोलणारा शेजारी आता शत्रूपक्षाचा वाटू लागला होता. शेजारच्या आयोवाच्या गव्हर्नरांनी तर १९१८मध्ये फर्मान काढून टेलिफोनवर परकी भाषा बोलायलाही मनाई केली होती.

मेयर सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि जून १९२३मध्ये जिंकले. न्यायालय घरच्या भाषेच्या बाजूने उभं राहिलं. विज्ञान मात्र त्या वेळी राहिलं नाही, आणि ते मला जास्त लागतं.

त्याच १९२३मध्ये कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञाचं अमेरिकी बुद्धिमत्तेवरचं पुस्तक आलं. महायुद्धात सैनिकांच्या घेतलेल्या चाचण्या त्याने तपासल्या होत्या. स्थलांतरितांचे गुण त्यांच्या अमेरिकेतल्या मुक्कामाबरोबर वाढत होते. वीस वर्षं राहिलेले तर तिथे जन्मलेल्यांच्या बरोबरीला आले होते. इतकी वर्षं राहून माणूस तिथली भाषा आणि रीतभात शिकतो, हा सरळ अर्थ समोर होता. ब्रिगमने काढलेला निष्कर्ष असा, की अलीकडे येणारी माणसंच हलक्या प्रतीची आहेत. १९३०मध्ये त्याने स्वतःच आपलं म्हणणं मागे घेतलं. पण १९२४चा स्थलांतराचा कडक कायदा तोवर होऊन गेला होता. तो या पुस्तकामुळेच झाला असं म्हणता येणार नाही. हवा मात्र तीच होती.

पुढची कितीतरी वर्षं दोन भाषांची मुलं चाचण्यांत मागे पडत राहिली, कारण तुलनाच चुकीची होती. एका बाजूला गरीब स्थलांतरितांची मुलं, दुसऱ्या बाजूला सुस्थितीतली इंग्रजी घरं. १९६२मध्ये कॅनडातल्या माँट्रियलला एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी दहा वर्षांच्या मुलांची तुलना करताना आर्थिक परिस्थितीचा हिशेब धरला, आणि फ्रेंच-इंग्रजी बोलणारी मुलं मागे नव्हे, पुढे निघाली.

शब्द मोजण्यातही अशीच चूक होते. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घराचा विचार करा. चार वर्षांच्या मुलीला लाटणं, पोळपाट, वाटी, फोडणी हे शब्द मराठीतच ठाऊक असतात, कारण ती आईजवळ ओट्यापाशी उभी असते. कात्री, डिंक, घसरगुंडी यांची नावं तिला इंग्रजीतच येतात, कारण ती बालवाडीत शिकली. नुसतं इंग्रजी मोजलं तर मुलगी कच्ची, नुसतं मराठी मोजलं तरी कच्ची. मायामीत स्पॅनिश-इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांवर १९९०च्या दशकात झालेल्या संशोधनात दोन्ही भाषांचे शब्द एकत्र धरले, तेव्हा ती एकभाषिक मुलांच्या बरोबरीची दिसली.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. दोन भाषांमुळे मेंदू तल्लख होतो, लक्ष एकाग्र होतं, अशा बातम्या झळकू लागल्या. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्ण तपासले. २०१३मध्ये त्यांनी मांडलं, की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणं सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसली. निरक्षरांतही फरक दिसला. उलट २०१९मध्ये अमेरिकेतल्या साडेचार हजारांवर मुलांच्या माहितीत एकाग्रतेचा असा कोणताही खास फायदा सापडला नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. म्हणून घरची भाषा राखायचं कारण म्हणून मेंदूचा फायदा पुढे करणं मला पटत नाही. उद्या तो फायदा शून्य ठरला, तर आजीशी बोलायचं थांबवायचं का?

राष्ट्रीय ओळखीची भीती तर मुळातच उलट्या दिशेला बघते. दुसरी भाषा रुजेल आणि इंग्रजी हटेल, असं तिथे शंभर वर्षं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात पहिली पिढी घरची भाषा बोलते, दुसरी दोन्ही, आणि तिसरी बहुतेक करून फक्त इंग्रजी. दक्षिण कॅलिफोर्नियात, जिथे स्पॅनिश रस्त्यावर सतत कानावर पडते, तिथल्या पाहणीतही स्थलांतरितांची नातवंडं इंग्रजीकडेच वळलेली दिसली. संपते ती घरची भाषा.

तरी मतं हेलकावत राहतात. १९९८मध्ये कॅलिफोर्नियाच्या ६१ टक्के मतदारांनी शाळांतलं द्विभाषिक शिक्षण जवळपास बंद केलं. २०१६मध्ये ७३ टक्क्यांनी ते बंधन उठवलं. १ मार्च २०२५ रोजी अध्यक्षीय आदेशाने इंग्रजी प्रथमच देशाची अधिकृत भाषा ठरली.

या सगळ्यात घरी वावरणाऱ्या आईबाबांचा प्रश्न साधा असतो: मूल उशिरा बोलतंय, मराठी बंद करू का? बंद करू नका. शंका असेल तर तपासणी जरूर करून घ्या, फक्त तपासणाऱ्याला दोन्ही भाषांतले शब्द मोजायला सांगा. जाताना यादी करून न्या. त्यात 'लाटणं' राहून जाऊ देऊ नका.